रोध बदलला, पण थरात घडले काय?

प्रश्न : रासायनिक बाष्पे ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये पातळ थराचा विद्युतरोध बदलतो आणि तो मोजणे सोपे असते. मग या थरांच्या अभ्यासासाठी स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे थर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो याचा आलेख (वर्णपट) घेण्याचा, खटाटोप कशाला? शिवाय इतक्या पातळ थराचा वर्णपट मिळतो तरी कसा?

उत्तर : रोधावरून काहीतरी घडले एवढेच कळते. टिन ऑक्साइडच्या तापवलेल्या थराचा रोध अल्कोहोलच्या बाष्पाने घटतो, तसाच कार्बन मोनॉक्साइडनेही घटतो. कारण दोन्ही पदार्थ पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात आणि त्या ऑक्सिजनने अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन थराला परत मिळतात. थरात नेमके काय बदलले, हे वर्णपटातून कळू शकते.

पॉलिअ‍ॅनिलिन या पॉलिमरच्या बाबतीत हा खटाटोप किती उपयोगी पडतो ते चांगले दिसते. आम्लाने भारित केलेला, म्हणजे पॉलिमरच्या साखळीला प्रोटॉन दिलेला, त्याचा थर हिरवा असतो आणि सुमारे ८०० नॅनोमीटरला रुंद शोषणपट्टा दाखवतो. अमोनिया पोहोचला की तो साखळीवरचे प्रोटॉन काढून घेतो, हा पट्टा ओसरतो, ६०० नॅनोमीटरच्या आसपास दुसरा वर येतो आणि थर निळसर होतो. विद्युतभार वाहणारी अवस्थाच कमी झाल्याने रोध वाढतो. पुढे शुद्ध हवा सोडूनही रोध खाली आला नाही, तर आधी ८०० जवळचा पट्टा परतला का ते पाहावे. तो परतला नसेल तर साखळी प्रोटॉनविनाच राहिली आहे. परतला असेल तर, माझ्या मते, थराला दोष देण्यापूर्वी इलेक्ट्रोडचे जोड तपासावेत.

थराच्या पातळपणावर अवरक्त स्पेक्ट्रोस्कोपीत एक नामी उपाय आहे. थर योग्य स्फटिकावर बसवतात आणि किरण स्फटिकाच्या आतून पूर्ण परावर्तित करतात. तरीही किरणाचे क्षेत्र बाहेर साधारण मायक्रोमीटरभर पसरत असल्याने वरच्या बाष्पापेक्षा थराचाच वर्णपट प्रामुख्याने मिळतो. अ‍ॅसिटोनचा कार्बोनिल पट्टा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) द्रवात सुमारे १७१५ प्रति सेंटीमीटरला (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या) असतो. थरातील धातूच्या आयनाशी तो रेणू बांधला गेला, तर हा पट्टा खाली सरकतो. आर्द्रतेचा त्रास मात्र मोठा, कारण पाण्याचा पट्टा १६४० च्या जवळच असतो. म्हणून तेवढ्याच दमट, पण बाष्परहित हवेतला वर्णपट आधी घेऊन तो वजा करावा लागतो.

रोध आणि वर्णपट एकाच थरावर, एकाच तापमानाला आणि एकाच वेळी मोजणे उत्तम. नेहमीच्या क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन उपकरणात (क्ष-किरणांनी बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या) ते जमत नाही, कारण त्याला अतिनिर्वात लागतो आणि सैलपणे चिकटलेले बाष्प मोजणीपूर्वीच निघून जाते.