कोयनेचं पाणी पूर्वेच्या दुष्काळी भागाला देण्याऐवजी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी का वळवतात?

तुमच्या प्रश्नातला राग मला रास्त वाटतो. आटपाडी, जत, सांगोला या भागांत टँकर फिरतात आणि त्याच कृष्णा खोऱ्यातल्या धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात जातं, हे कुणालाही खुपेल. धरणांचं नियोजन हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडी आकडेमोड करून उत्तर देतो.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. धरणाचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ८९२ चौरस किलोमीटर, पण पाऊस असा की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा शिवसागर जलाशय बहुतेक वर्षी भरतो. आणि जलाशयाच्या पश्चिमेला, डोंगराच्या पलीकडे, कोकणची जमीन जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली आहे. नियोजनकारांची नजर गेली ती या उतारावर.

एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर पाणी. ते बोगद्यातून कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहाच्या बाजूला साधारण ४८० मीटर खाली सोडलं की सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज मिळते. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा शंभरेक मीटर खाली सोडतात, म्हणजे बेरीज चार कोटींपर्यंत जाते. पूर्वेला धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहातून सोडलं तर पाण्याला उंची मिळते सत्तरेक मीटर, आणि वीज होते पन्नास लाख युनिटांच्या आतबाहेर. फरक सात-आठ पटींचा आहे. म्हणून सुमारे १९६० मेगावॉट क्षमतेतला जवळजवळ सगळा भाग पश्चिमेला आहे.

एवढी मोठी क्षमता चोवीस तास चालत नाही, हेही लक्षात घ्या. वीजनिर्मितीच्या वाट्याचं पाणी वर्षभर पुरवायचं तर पूर्ण क्षमतेनं सरासरी दिवसाला चारेक तासच चालवता येते. संध्याकाळी विजेची मागणी उसळी मारते, तेव्हा कोयनेची जनित्रं काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. कोयनेची खरी किंमत या तासांत आहे, वर्षाच्या एकूण युनिटांत नाही.

मग पाणी पूर्वेला सोडलं तर दुष्काळी तालुक्यांना मिळेल का? आपोआप नाही. पूर्वेला सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच वाहतं, आणि नदीकाठाला ऊस आहे. दुष्काळी पट्टा उंचावर आहे. तिथे पाणी पोचतं ते टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांनी, टप्प्याटप्प्यानं चढवून. एक टीएमसी पाणी ३०० मीटर चढवायचं धरलं, तर पंपांचा तोटा मिळून तीन कोटी युनिट वीज लागेल. म्हणजे पायथ्याला मिळणारी पन्नास लाख वजा करता पश्चिमेची साडेतीन कोटी युनिटं हातची गेली आणि वर तीन कोटी खर्च झाली. टीएमसीमागे साडेसहा कोटी युनिटांचा हा हिशोब सभांमधून कुणी मांडत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. वीजबिल थकलं की पंप बंद पडतात, आणि पाणी नदीत असूनही शेत कोरडं राहतं.

तरीही माझं मत पूर्वेच्या बाजूनं झुकतं. विजेला पर्याय आहे, पिकाच्या पाण्याला नाही. १९५० च्या दशकात हा प्रकल्प आखला तेव्हा राज्याला विजेची भूक होती आणि दुसरे मार्ग थोडे होते. आज दुपारी सौर वीज मिळते. उपशाचे पंप दुपारी चालवा, कोयना संध्याकाळसाठी राखा, आणि सौर क्षमता जसजशी वाढेल तसतसा पश्चिमेचा वाटा थोडा थोडा कमी करा. एकदम बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. संध्याकाळच्या त्या चार तासांची सोय आधी व्हायला हवी. शिवाय वीजगृहातून बाहेर पडणारं पाणी वाशिष्ठी नदीत जातं आणि चिपळूणच्या बाजूला त्यावर अवलंबून असणारे लोक आहेत, त्यांचाही विचार करावा लागेल.

कायद्याची चौकटही आहे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. ही कमाल मर्यादा आहे, तेवढं वापरलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कमी पावसाच्या वर्षी वीजनिर्मितीचा कोटा कापून पूर्वेला जास्त पाणी सोडता येतं आणि तसं केलंही जातं. माझी तक्रार एवढीच की हा निर्णय बहुतेक वेळा उन्हाळा तोंडावर आल्यावर, ओरड झाल्यावर होतो. पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालवली तर २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटतं, म्हणजे एक टीएमसी जायला पाच-साडेपाच दिवस लागतात. पात्रातून वाहायला आणि उपशाचे टप्पे चढायला आणखी वेळ. मार्चमध्ये ठरवलेलं पाणी शेवटच्या टप्प्यावरच्या शेतात पोचेपर्यंत पीक हातचं गेलेलं असतं.

पुराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तोही याच हिशोबात येतो. २००५ आणि २०१९ चे सांगली-कराडचे पूर आठवा. वीज आणि शेती दोघांनाही धरण लवकर भरलेलं हवं असतं, तर पूर अडवायला ते जुलै-ऑगस्टमध्ये काही प्रमाणात रिकामं असावं लागतं. कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा हे जलाशय परिचालन सूचीत लिहिलेलं असतं.

तुम्हाला पाठपुरावा करायचा असेल तर मागणी नेमकी करा. पावसाळा संपून १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून, त्याच महिन्यात पश्चिमेचा कोटा आणि उपसा योजनांची आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) एकत्र ठरवून जाहीर व्हावीत. तसं झालं तर रब्बीला काय पेरायचं ते शेतकऱ्याला पेरणीआधी ठरवता येईल.