डॉक्टरांना ‘कधीतरी घेतो’ असं सांगून आलोय, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. तपासणीत ‘ड्रिंक्स घेता का?’ विचारल्यावर ‘कधीतरी’ म्हणून मोकळे झालात, प्रत्यक्षात रोज रात्री तीन पेग होतात, आणि आता परत जाऊन सांगायची लाज वाटते. सांगायलाच हवं का? हो. आणि शक्य तर उद्याच.

मी डॉक्टर नाही. हेच ‘कधीतरी’ मी हर्नियाच्या ऑपरेशनआधी बोललो होतो. बायको शेजारच्या खुर्चीत होती. तिला सगळं माहीत, पण तीही खाली बघत राहिली. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा प्यायला घेतला तर कप बशीवर वाजायला लागला. मग घाम, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जंतुसंसर्ग समजून रक्त तपासायला गेलं. पहाटे नर्सने बायकोला बाहेर बोलावून विचारलं, ‘हे रोज घेतात का?’ ती हो म्हणाली आणि तासाभरात औषधं बदलली, थायमिनचं, म्हणजे ‘ब-1’ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शनही आलं.

रोज मिळणारी दारू एकदम तुटली की शरीर असं बिथरतं. थरथर साधारण 6 ते 24 तासांत सुरू होते, फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त, आणि भ्रम झालाच तर बहुधा 2 ते 4 दिवसांनी. मी थरथरीवर सुटलो. म्हणूनच ‘आठवडाभर आधी गुपचूप बंद करतो, म्हणजे खोटं ठरणारच नाही’ हा हिशेब करू नका. हेच सगळं मग घरी होईल, आणि तिथे नर्स नसेल. कमी कसं करायचं, ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हे डॉक्टरांना ठरवू दे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे कळायला हवं. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी, अगदी साधं पॅरासिटामॉलसुद्धा देताना ही माहिती लागते.

लाजेबद्दल एक गोष्ट. अवघडलेपण दोन्हीकडे असतं. ‘दारू वगैरे घेत नाही ना?’ असं विचारणारे डॉक्टर मी पाहिलेत. प्रश्नातच उत्तर भरवलं की समोरचा नाहीच म्हणणार! तुमचं ‘कधीतरी’ एकट्या तुमचं पाप नाही.

आणि खरा अडसर बऱ्याचदा डॉक्टर नसतातच, सोबत आलेलं माणूस असतं. तेव्हा एकटे जा किंवा फोन करा. ‘घरच्यांसमोर हा विषय नको’ असं स्पष्ट म्हणा. माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांचं कर्तव्यच आहे. फक्त ती केसपेपरवर लिहिली जाईल, आणि केसपेपरची फाइल घरचेच सांभाळतात, हे ध्यानात असू दे.

सांगताना आकड्यात सांगा. ‘थोडी’, ‘सोशली’ या शब्दांचं डॉक्टरांना काही करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या 10 प्रश्नांच्या यादीतले पहिले तीन प्रश्न हेच विचारतात: कितीदा पिता, एका दिवशी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त कितीदा होतात. 30 मिली व्हिस्कीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: 5 टक्क्यांच्या 650 मिली बाटलीत सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे असे अडीच पेग. तुमचे तीन पेग 30चे की 60चे ते लिहिलं नाहीत. तिथे नक्की सांगा, दुपटीचा फरक आहे.

शब्द सुचत नसतील तर मी पुढच्या तपासणीला जे बोललो ते घ्या: ‘डॉक्टर, मागच्या वेळी मी कमी सांगितलं. रोज 60चे तीन होतात, बरीच वर्षं झाली.’ त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं आणि विचारलं, ‘शेवटचा कधी घेतलात?’ त्याचंही उत्तर तयार ठेवा.