पाठदुखी, पूर्वकर्म आणि दुसरा बाण

प्रश्न : गेली २२ वर्षे मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. ६ वर्षांपासून पाठ आणि कंबर सतत दुखते. डॉक्टरांनी चकती झिजल्याचे सांगून व्यायाम दिला आहे. शस्त्रक्रियेची गरज नाही. विहारात ध्यानाला बसले की थोड्याच वेळात कळ येऊन उठावे लागते, त्याची लाज वाटते. शेजारीण म्हणते, हे पूर्वकर्माचे भोग आहेत. ते खरे आहे का?
– एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, शेजारणीचे म्हणणे आधी मनातून काढून टाका. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील सीवक सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) हाच प्रश्न बुद्धांना विचारलेला आहे. सगळ्या वेदना पूर्वकर्मातूनच येतात हे मत चुकीचे ठरवून त्यांनी वेदनांची ८ कारणे सांगितली. त्यांत पित्त, कफ, वात आणि ऋतुबदल यांच्याबरोबर शरीराची नीट निगा न राखणे हेही आहे. दिवसभर सुपावर वाकून बसणे त्यातच मोडते. म्हणून पाठ भिंतीला टेकून बसा, दोन जुड्या बांधून झाल्या की उठून अंगणात चार पावले टाका आणि दिलेला व्यायाम चुकवू नका.

लाज तर मुळीच नको. मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहातील सेख सुत्तात असे आहे की, कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात शाक्यांना, म्हणजे आपल्या कुळातील लोकांना, रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर, आपली पाठ दुखते आहे असे उघडपणे सांगून बुद्धांनी पुढचे बोलणे आपले शिष्य आनंद यांच्यावर सोपवले आणि ते चौघडी संघाटीवर (भिक्खूंच्या वरच्या वस्त्रावर) उजव्या कुशीला आडवे झाले. सतिपट्ठान या सजगतेच्या साधनेच्या उपदेशातही चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही अवस्था सांगितल्या आहेत. तुम्ही गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी घेऊन उताणे निजून ध्यान करा.

ध्यानाने झिजलेली चकती भरून येत नाही. सल्ल सुत्तातील दाखल्याप्रमाणे शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यापायी होणारा मनाचा आकांत हा दुसरा. साधनेचे काम या दुसऱ्या बाणावर चालते. कळ उठली की ती मणक्याच्या डावीकडे आहे की कुल्ल्यापर्यंत उतरते, ठणकते की ओढ लागते, हे श्वासाबरोबर शांतपणे पाहा. तिच्यामागून ‘आता उद्याच्या हजार विड्या कशा होणार?’ हा विचार येईल. तो आला एवढेच ओळखा, त्याच्याशी भांडत बसू नका. पहिले काही दिवस पाच मिनिटे पुरेत.

मात्र पाय बधिर किंवा लुळा पडू लागला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाठदुखीबरोबर ताप आला, तर ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.