ॲमेझॉनमधील जंगलतोड उपग्रहाद्वारे नेमकी कशी मोजतात?

ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था ‘इन्पे’ १९८८ पासून ‘प्रोदेस’ प्रकल्पाद्वारे ब्राझीलच्या हद्दीतील ही तोड दरवर्षी मोजते. निरोगी झाडोरा निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश भरपूर परावर्तित करतो, उघडी माती तितका करत नाही. या फरकाच्या आधारे लँडसॅटसारख्या उपग्रहांच्या प्रतिमांवर तज्ज्ञ पूर्णपणे साफ झालेले, किमान ६.२५ हेक्टरचे तुकडे आखतात. ढगांची अडचण मोठी असल्याने कोरड्या हंगामातील प्रतिमा निवडल्या जातात. रडार मात्र ढगांपलीकडेही पाहू शकते. याच मोजणीनुसार २००४ मधील सुमारे २७,८०० चौरस किलोमीटरची तोड २०१२ पर्यंत सुमारे ४,६०० वर उतरली. माझ्या मते हे आकडे वाचताना एक मर्यादा विसरू नये: निवडक झाडे तोडून विरळ केलेले जंगल त्यांत येत नाही.