खोकला आला की टाके धरायचे कसे?

प्रश्न : सिस्टर, माझं सिझर होऊन नऊ दिवस झाले. अक्कलकोट रोडला माहेरी आहे. खोकला आला की टाके उसवतील असं वाटतं, कॉटवरून उठताना डोळ्यांत पाणी येतं. दुखण्याची गोळी दुधातून बाळाला जाईल म्हणून परवापासून बंद केली. आजी म्हणते, शेकशेगडी घे, पाणी कमी पी. गोळीशिवाय काही उपाय आहे का?
– एक बाळंतीण, सोलापूर

उत्तर : आहे की, बाळा. पण आधी गोळीचं बोलू. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन दुधात फारच थोडं उतरतं, म्हणून तर अंगावर पाजणाऱ्या आईला ती देतात. तुझी गोळी कोणती ते बघून आजच डॉक्टरांना फोन कर. खाली सांगते ते सगळं गोळीच्या जोडीला.

1991 मध्ये माझं सिझर झालं तेव्हा मी स्वतः वॉर्डात नोकरीला होते. तरी दुसऱ्या दिवशी पाठीवरून सरळ उठायला गेले आणि ओरडलेच. कसं उठायचं ते मला कुणी दाखवलं नव्हतं. सरळ उठताना पोटाचे स्नायू ताणतात आणि सगळा ओढा आतल्या टाक्यांवर येतो. म्हणून गुडघे दुमड, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर हो, पाय कॉटखाली सोड आणि कोपर व तळहात रेटून श्वास सोडत ऊठ. निजताना हेच उलट. दोन दिवसांत अंगवळणी पडेल.

खोकल्यासाठी आपली सोलापुरी चादर काढ. उशी मऊ, दाबली की बसते. चादरीचं विणकाम जाड, चौकोनी घडी केली की घट्ट राहते. खोकला, शिंक, हसू येतंय असं वाटलं की घडी टाक्यांवर ठेवून दोन्ही हातांनी धर. पोटाला आधार मिळाला की कळ निम्मी वाटते, असं माझ्या कितीतरी बाळंतिणींनी सांगितलंय. तपासणीला रिक्षानं जाशील तेव्हाही ती घडी पोटाशी असू दे, आपल्या रस्त्यांचे खड्डे तुला ठाऊकच आहेत.

पाजताना बाळ मांडीवर आडवं घेतलं की त्याच्या लाथा टाक्यांवर बसतात. त्याला बाजूला उशीवर ठेव, पाय तुझ्या काखेखालून मागे जातील असं. रात्री कुशीवर निजून पाज, पण पाजून झालं की त्याला शेजारी वेगळं निजव.

घरातल्या घरात थोडं थोडं चाल. गॅस सरकतो, पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती कमी होते. पोटपट्टा बांधायचा तर डॉक्टरांना विचारून, तोही श्वास मोकळा राहील इतपतच. आणि पाणी तोडू नकोस गं! पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि तो सगळा जोर टाक्यांवर येतो.

शेकशेगडीला मात्र माझा ठाम नकार. टाक्यांभोवतीची कातडी महिनोन् महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, तो तुझ्या बाळाच्या नाकात जाणार. कंबर दुखत असेल तर कोमट पाण्याची पिशवी कमरेला चालेल, पोटाला नको.

ताप 100.4च्या वर गेला, टाक्यांतून पू किंवा घाण वास आला, लाली पसरत चालली, पोटरी एकीकडे सुजून दुखली, तासाभरात पॅड भिजलं, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तरी तसंच.

आजींवर रागावू नकोस. त्यांना मालिश करायला सांग, पण पोटाला हात न लावता. तळपाय, पोटरीखालचा भाग आणि हात, हलक्या हातानं, दहा-पंधरा मिनिटं. सिझरनंतर हातापायांच्या मालिशनं दुखणं कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. रात्रीच्या पाजण्याआधी करून घे.