वाडन समुद्रावर डेटाचं काम: उत्तर जर्मनीला यायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूगोलात एमएस्सी, सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नकाशांवर जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशाकामाचा अनुभव, आणि आता उत्तर जर्मनीतल्या एका संस्थेत वाडन समुद्राच्या निर्देशकांवर, म्हणजे त्याची स्थिती दाखवणाऱ्या मोजमापांवर, तीन वर्षांचं प्रकल्पपद समोर आहे. काम नक्की काय असतं, जर्मन लागतं का, यावं का? मी याच किनाऱ्यावर याच कामात आहे. पगार आणि घर या गोष्टी शोधल्या की सापडतात, म्हणून आधी कामाबद्दल सांगते.

जाहिरातीत मॉडेलिंग, रिमोट सेन्सिंग, डॅशबोर्ड असे शब्द असतील. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ जातो तो वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील असे करण्यात. वाडन समुद्र नेदरलँड्समधल्या डेन हेल्डरपासून डेन्मार्कमध्ये एस्बिअर्गच्या पुढपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला आहे. ओहोटीला उघडी पडणारी चिखलवाळूची सलग मैदानं, आणि दरवर्षी तिथे उतरणारे एक कोटीहून जास्त स्थलांतरित पक्षी. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांचं सहकार्य १९७८ पासून चालू आहे, सामाईक सचिवालय १९८७ पासून जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनला आहे. २००९ मध्ये डच आणि बहुतेक जर्मन भाग जागतिक वारसा झाला, २०१४ मध्ये डॅनिश भाग त्यात आला.

कागदावर देश तीनच. पण इथला जर्मन किनारा नीडरझाक्सन, हाम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या तीन राज्यांत वाटलेला आहे, प्रत्येकाचं राष्ट्रीय उद्यान वेगळं, प्रशासन वेगळं. खोल समुद्राकडचं मोजमाप पुन्हा केंद्राच्या संस्थांकडे. त्यामुळे ‘जर्मनीचा डेटा’ एका खिडकीवर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता उंचीचं शून्य घ्या, म्हणजे ज्या पातळीपासून उंची मोजतात ती. डच आणि जर्मन शून्य दोन्ही मुळात अॅम्स्टरडॅमच्या जुन्या पातळीशी बांधलेली आहेत, तरी त्यांच्यात थोडे सेंटिमीटर फरक पडतो. डेन्मार्कचं शून्य त्यांच्या स्वतःच्या किनाऱ्यावरच्या सरासरी समुद्रपातळीवरून ठरतं. शेजारच्या बेल्जियमचं शून्य तर डच शून्याच्या सुमारे २.३ मीटर खाली आहे. शिवाय जमिनीचे नकाशे या शून्यावरून उंची सांगतात आणि नाविक नकाशे सर्वांत खालच्या खगोलीय ओहोटीवरून खोली. किनारा नेमका त्या दोघांच्या शिवणीवर येतो. समुद्रपातळी वर्षाला मिलिमीटरांत वाढते आणि इथली जमीन सपाट आहे, म्हणून ‘थोडे सेंटिमीटर’ सोडून देता येत नाहीत. भरतीरेषा आखताना झालेले वाद तुम्ही पाहिले असतील. इथे तोच वाद तीन भाषांत चालतो, फक्त आवाज खालचा असतो.

त्याहून क्षुल्लक वाटणारी, पण दिवस खाणारी गोष्ट म्हणजे दशांश चिन्ह. तिन्ही देशांत ते स्वल्पविराम आहे आणि हजार तोडायला टिंब. इंग्रजी सेटिंगच्या सॉफ्टवेअरने १.२५० हा आकडा सव्वा वाचला की साडेबाराशेची वाट लागली. सहनिर्देशकांतही असंच: जर्मनी आणि डेन्मार्क यूटीएम ३२ या नकाशा-प्रणालीवर, नेदरलँड्सची राष्ट्रीय प्रणाली निराळी, आणि काही जर्मन फाइलींत पूर्वेकडच्या आकड्याला पुढे ३२ चिकटवलेलं असतं, म्हणजे बिंदू नकाशाबाहेरच जातो. हे सगळं पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पकडता येतं, पण आधी संशय यायला हवा.

खरी गंमत निर्देशकांत आहे. चांगलं उदाहरण हवं असेल तर सीलची गणना बघा. ओहोटीला वाळूवर विसावलेले सील विमानातून मोजतात. उड्डाणं तिन्ही देशांनी मिळून ठरवलेल्या काळात होतात, जूनच्या सुमारास पिल्लांसाठी आणि ऑगस्टमध्ये अंगावरचे जुने केस झडण्याच्या हंगामात. सील सीमा ओलांडतो, म्हणून वेळ सांभाळली नाही तर तोच प्राणी दोनदा मोजला जाईल. १९८८ च्या साथीत निम्म्याहून जास्त सील मेले, त्यानंतर १९९० मध्ये तिन्ही देशांनी सीलसाठी वेगळा करार केला. आकड्यांची आजची लांबलचक, विश्वासार्ह मालिका या शिस्तीतून आली आहे. पाण्यात असलेले सील त्यात येत नाहीत, पण ते न येणं सगळीकडे सारखं आहे, आणि कल ओळखायला तेवढं पुरतं.

समुद्री गवताची गोष्ट इतकी सोपी नाही. किती टक्के आच्छादन असलं की त्याला कुरण म्हणायचं? ५ टक्के धरले तर क्षेत्र फुगतं, २० धरले तर आक्रसतं. कोणी विमानातून पाहतं, कोणी चिखलात चालत जाऊन. अशा वेळी नकाशावर सीमेपाशी गवत अचानक संपतं, आणि पहिला प्रश्न जीवशास्त्राचा नसतो, पद्धतीचा असतो. जुनी मालिका मोडायला कोणीच तयार नसतं, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मग दोन्ही पद्धती काही वर्षं शेजारी चालवायच्या, एवढाच मार्ग उरतो. त्यासाठी पैसे मागणं हाही कामाचाच भाग.

या सगळ्यावर युरोपीय कायद्यांचा थर आहे. नकाशांच्या डेटाबद्दलचा इन्स्पायर निर्देश २००७ चा, तो मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) आणि ऑनलाइन सेवांचे नियम घालून देतो. सागरी धोरणाच्या आराखड्याचा निर्देश २००८ चा, त्यात समुद्राची ‘चांगली स्थिती’ ११ वर्णकांवर, म्हणजे निकषांवर तोलतात. त्यातला किनाऱ्यावरच्या कचऱ्याचा आकडा मला आवडतो, कारण तो कोणालाही कळतो: १०० मीटरांत २० वस्तूंपेक्षा कमी. हे दोन निर्देश येण्याआधी वाचा. मुलाखतीत फरक पडतो.

सगळा डेटा उघडा नसतो, हेही मनाशी धरा. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा मुद्दाम धूसर करून देतात. कोळंबी पकडणाऱ्या बोटी मोजक्याच असतात, त्यामुळे बारीक चौकटीत एकाच बोटीची हालचाल उघडी पडू शकते. पक्षी मोजणारे बरेचजण स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या नावांना वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. ‘डेटा द्या’ म्हणण्याआधी कशासाठी आणि किती बारीक, हे लिहून पाठवलं तर दार लवकर उघडतं.

म्हणूनच भाषा. तिन्ही देशांच्या बैठका इंग्रजीत चालतात, तुमचं पद इंग्रजीवर निभेल. पण १९९० च्या आधीचे अहवाल, क्षेत्रपुस्तिका आणि राज्याच्या कार्यालयातला फोन जर्मनमध्ये असतो. राज्याच्या खात्यांतली कायम पदं तर जर्मनशिवाय जवळपास अशक्य. निघण्याआधी ए२ करून या, इथे आल्यावर बी१ लांबवू नका (भाषेच्या पातळ्या खालून वर ए१, ए२, बी१ अशा जातात). त्याचा सरळ फायदाही आहे: ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर) बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए१ वर २७ महिने लागतात.

कराराबद्दल. पद पूर्णवेळ आहे की ६५ टक्के, ते आधी बघा. पीएचडीची पदं बऱ्याचदा अर्धवट वेळेची असतात, आणि तो पगार ब्लू कार्डच्या किमान मर्यादेखाली जाऊ शकतो. मग संशोधकांसाठीचा परवाना बघावा लागतो. सरकारी वेतनात एमएस्सीला साधारण ई १३ ही श्रेणी मिळते, पण तिच्यातली पायरी तुमच्या आधीच्या अनुभवावर ठरते. ती सही करण्याआधी ठरते, नंतर घासाघीस होत नाही. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘जीआयएस अॅनॅलिस्ट’ नको. कोणता किनारा, कोणतं सर्वेक्षण, कोणती साधनं, किती काळ, सगळं लिहून घ्या. पदवी जर्मनीत मान्य आहे का ते ‘आनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या सूचीत तपासा. नसेल तर तुल्यता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा. जोडीदार सोबत येणार आणि त्याचं वेगळं उत्पन्न नसेल, तर सार्वजनिक आरोग्यविम्यात तो जादा हप्त्याशिवाय बसतो. घरं किनाऱ्याच्या गावांत उन्हाळ्यात पर्यटकांना दिली जातात, तेव्हा ऑक्टोबरनंतर शोधणं सोपं.

यावं का? मुलाखतीत त्यांना एक प्रश्न विचारा: प्रकल्प संपल्यावर हा डेटासंच कोण सांभाळणार? राज्याचं खातं, सामाईक सचिवालय किंवा एखादी कायम संस्था असं उत्तर आलं, तर या. तुमचं काम कोणाच्या तरी रोजच्या वापरात राहील आणि पुढचं पदही बहुधा तिथूनच निघेल. ‘पोर्टल प्रकल्पाच्या संकेतस्थळावर राहील’ असं म्हणाले, तर मी तरी दुसरी जाहिरात बघेन.