घरात पाणी शिरून गेलं. बुरशी येऊ नये म्हणून काय करावं? गणपतीआधी रंग दिला तर चालेल का?

रंग नको. ही चूक मी पैसे मोजून केली आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत होतं. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला. भिंती हाताला कोरड्या लागत होत्या, म्हणून आठवडाभर आधी पुट्टी मारून प्लास्टिक पेंट लावला. दसऱ्यापर्यंत पोपडे, आणि पोपड्यांमागे काळी बुरशी. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या. वरचा गिलावा सुकतो, पण चिऱ्यात मुरलेलं पाणी महिनोन्महिने बाहेर येत राहतं, आणि असा रंग त्याची वाटच बंद करतो.

भिंत सुकली का हे असं बघा: फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी कागदाला आतून पाणी सुटलं असेल तर थांबा. सणाला भिंती उजळ हव्यातच तर साधा चुना लावा. त्यातून ओल बाहेर पडते आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही.

पहिले दोन दिवस मात्र हात चालवा. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. कापसाच्या गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवूड सरळ बाहेर. (लग्नातली गादी टाकताना आईने दोन दिवस अबोला धरला होता, तरी टाकलीच.) कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

पंखे लावा, पण वायरमनने बोर्ड तपासल्यावरच. धो धो पाऊस असताना खिडक्या बंद, उघडीप मिळाली की सताड उघड्या. खोली सुकवायला शेगडी पेटवू नका. गॅस जळताना वाफच तयार होते, कोळसा बंद खोलीत जिवावर बेततो.

बुरशी दिसलीच तर कोरडी झाडू नका, घरभर उडते. मास्क लावून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर संडासाचं ॲसिड तिच्या आसपासही नको, दोन्ही मिसळून क्लोरीन वायू सुटतो.

आमच्या कागदामागचं पाणी थांबायला मार्च उजाडला. दुसरा रंग अक्षय्य तृतीयेला दिला, तो अजून टिकून आहे.